डबा हलका

३ ऑगस्ट, दुपार

शहाणे,

"प्रिय" लिहिलेलं नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेलच. तुझ्या लक्षात सगळं येतं. फोन केला असता, पण तुझा फोन हल्ली तुझी मदतनीस उचलते आणि विचारते, "कोण बोलतंय, कशासंदर्भात?" सख्ख्या बहिणीशी कशासंदर्भात बोलायचं असतं ते मला सांगता येईना, म्हणून पत्र. पत्राचं एक बरं असतं. "मीटिंगमध्ये आहे" म्हणून ते मध्येच तोडता येत नाही.

मुंगी काल शाळेत पडली. खेळताना नाही. कवायतीच्या रांगेत उभी होती, उभ्याउभ्या खाली आली. हनुवटी फुटली, टाके घालावे लागले. डॉक्टरांनी तिचे डोळे बघितले, नाडी बघितली, पोट चाचपलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, हिला खायला घालता की नाही?"

हे मला विचारलं. सकाळपासून अख्ख्या गल्लीला पाव खाऊ घालणाऱ्या बाईला. निरोप आला तशी मी पिठाच्या हातांनी धावले होते, अंगाला भट्टीचा वास येत होता. दवाखान्यात बसलेल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं की बेकरीवाल्यांची पोर भुकेने पडली. तुझे भावोजी दुकानात उभे राहून गिऱ्हाइकांच्या नजरा झेलत होते. त्यांना भांडता येत नाही, तुला माहीत आहे. राग आला की ते भट्टीत जास्तीची लाकडं कोंबतात. काल सगळा माल करपला.

आता तुझ्याकडे येते. तू म्हणशील, यात माझा काय संबंध. सांगते.

मुंगीच्या शाळेत तुझा उपक्रम आलाय. "निरोगी डबा, निरोगी मूल." मला तो लागू झाल्याचं शाळेकडूनच कळलं, पुस्तिकेच्या मागे तुझा फोटो आहे. हसतेयस. शाळेच्या आतल्या भिंतीवर, जिथे पोरं मधल्या सुट्टीत डबे उघडून बसतात, तिथे तुझं वाक्य रंगवलंय. एकेक अक्षर हातभर. "डबा हलका, चेहरा बोलका." दर शनिवारी प्रत्येक वर्गात बाई विचारतात, सगळ्यात हलका डबा कोणाचा? ज्याचा असेल त्याच्यासाठी टाळ्या. तुझ्या पुस्तिकेतच टाळ्या वाजवायला सांगितलंय म्हणे.

तिसरीतल्या पोरांना हलका म्हणजे काय वाटणार? तेच वाटलं. कमी वजनाचा.

पोरं डबे हातात घेऊन भांडायला लागली, माझा हलका, तुझा जड. तर आपली मुंगी उठून म्हणाली, भांडू नका, मी मोजते. मीठ आणि यीस्ट मोजायचा आपला छोटा काटा आठवतो? तो महिनाभर सापडत नव्हता. आम्ही दोघं एकमेकांवर चिडत होतो, तू कुठे ठेवलास, मी नाही ठेवला. तो तिच्या दप्तरात होता. रोज मधल्या सुट्टीत ती काटा मांडून बसायची आणि अख्खा वर्ग डबे घेऊन रांगेत उभा राहायचा. वर्गशिक्षिका खूश, म्हणे मुलं वजनमापात रमली. रमतील नाही तर काय. एकेकाने आधी फळ घरी ठेवलं, मग अंडं ठेवलं, मग अर्धा डबा. आणि ज्या पोरीच्या हातात काटा, तिचाच डबा जड निघून कसं चालेल?

तिने काय केलं ते ऐक. मी रोज तिच्या डब्यात दोन पाव देते, मध्ये चीज नाहीतर उकडलेलं अंडं. डबा रोज रिकामा यायचा, मी निर्धास्त. काल रात्री चपलांच्या कपाटामागे मुंग्यांची रांग दिसली. खऱ्या मुंग्यांची. कपाट ओढलं तर मागे पावाच्या आतल्या मऊ भागाचे गोळे, वाळून खडे झालेले, आणि अंडी, आणि चीज. ती पाव आतून कोरून काढत होती. वरचं कवच तेवढं डब्यात. दिसायला अख्खा पाव, वजनाला काही नाही. बाईंना दाखवायला भरलेला डबा आणि काट्यावर पहिला नंबर. डोकं बघ पोरीचं. तुझ्यावर गेलीय.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली आहे. तुझ्या त्या वाक्याचं काय करायचं ते कर, पण कर.

तुझी ताई
(सवयीने लिहिलं गेलं. खोडत नाही, कागद फाटेल.)


१२ ऑगस्ट

शहाणे,

तुझं उत्तर मिळालं. टाइप केलेलं, खाली सही. "पुस्तिकेच्या सातव्या पानावर हलका म्हणजे पचायला हलका, असा खुलासा स्पष्टपणे केलेला आहे. शाळेने अंमलबजावणी करताना तो वाचणं अपेक्षित होतं." आणि शेवटी, "मुंगीला लवकर बरं वाटो."

सातवं पान. अगं, आठ वर्षांची पोर भिंत वाचते, सातवं पान नाही वाचत. आणि भिंत तू लिहिलीस.

मी तुझं पत्र घेऊन मुख्याध्यापिकाबाईंकडे गेले. त्यांच्या टेबलावर फळांची टोपली असते, प्लास्टिकच्या फळांची. त्यांनी पत्र वाचलं, चष्मा काढला, पुसला, म्हणाल्या, "उपक्रम वरून आलेला आहे. भिंतीवरचं वाक्य आम्ही आमच्या मनाने कसं बदलणार? मूळ लेखिकेने कळवलं तर बघू." मी म्हटलं, मूळ लेखिका माझ्या पाठची बहीण आहे, लहानपणी तिचे दात मी घासून दिलेत. त्या म्हणाल्या, तसं लेखी आणा. मी पुढे काय बोलले ते लिहीत नाही. बाहेरच्या बाकावरचा शिपाई मला दारापर्यंत सोडायला आला आणि हळूच म्हणाला, "बरं केलंत."

तू हात झटकतेस, शाळा हात झटकते, आणि माझी पोर घरात बसून पाणीसुद्धा मोजून पिते. पाणी जड असतं, म्हणाली मला. अर्धा पेला ओतून दिला.

घरी तिला समजावताना काय झालं ते तुला कळायलाच हवं. मी म्हटलं, मुंगे, हलकं म्हणजे कमी असं नाही गं, मावशीच्या म्हणण्याचा अर्थ वेगळा होता. तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच मठ्ठ. म्हणाली, "आई, आजोबा काय म्हणायचे? हलका झाला म्हणजे चांगला झाला."

पुढचं समजावणं मी तिथेच सोडलं. तूही सोड.

आठवतं ना? भट्टीतून पहिला पाव निघाला की बाबा तो तळहातावर घ्यायचे, थोडा वर उडवून झेलायचे. मनासारखा फुगला असेल तर म्हणायचे, "हलका झालाय." दुसरं कौतुक त्यांना माहीतच नव्हतं. मी पहिलीत पहिली आले तेव्हा नुसतं "बरं" म्हणाले होते. पण माझ्या हातचा पाव पहिल्यांदा हलका झाला त्या दिवशी त्यांनी तो शेजारच्या शिंप्याला नेऊन दाखवला. मुंगीच्या कानावर जन्मल्यापासून तो शब्द पडलाय. आपल्या घरात हलका म्हणजे शाबास. दुसऱ्या कोणाच्या पोरीने हे वाक्य वाचून सोडून दिलं असतं. आपलीने मनावर घेतलं.

आणि तू तो शब्द उचललास कुठून? पुस्तकातून? ज्या घराची तुला लाज वाटते, त्या घरातून उचललास. विसरले नाहीये मी तुझी ती मुलाखत. "माझं बालपण पिठात गेलं. आमच्या घरी तिन्ही त्रिकाळ पाव. चांगलं अन्न म्हणजे काय, ते मला घर सोडल्यावर कळलं." छापून आलं होतं, फोटोसकट. बाबांना त्यातला टोमणा कळलाच नाही. लेकीचा फोटो आला एवढंच त्यांना कळलं. कात्रण कापून भट्टीच्या वर चिकटवलं, येईल त्या गिऱ्हाइकाला दाखवायचे. मला कळला होता. ते गेल्यावर तुला जे बोलायचं ते बोलले, आणि तू न जेवता निघून गेलीस. तेव्हापासून आपलं बंद आहे. ते बंदच राहिलं असतं तरी माझं काही अडत नव्हतं.

कात्रण अजून तिथेच आहे. धुराने काळं पडलंय, पण बाबांनी चिकटवलंय, मी कसं काढू.

ताई


२० ऑगस्ट

शहाणे,

आज मोठं पत्र लिहायला त्राण नाही.

ती खात नाही. आधी डबा हलका करायचा होता, आता स्वतःला हलकं करायचंय. शाळेत जात नाही तरी खात नाही. सूप पुढे ठेवलं तर चमच्याने हलवत बसते. रागावून झालं, मांडीवर घेऊन झालं, भावोजींनी तिच्यासमोर बसून रडून घेतलं, तेही झालं. डॉक्टर म्हणाले, आठवडाभरात वजन वाढलं नाही तर दवाखान्यात ठेवावं लागेल, नळीने भरवावं लागेल. नळीने. बेकरीवाल्याच्या नातीला.

मला सगळ्यात आधी कळायला हवं होतं, तेही कळलं नाही. बाबांचा नियम तुझ्या लक्षात असेल. चाखल्याशिवाय माल बाहेर जायचा नाही. पहिला पाव घरच्या माणसाने मोडून खायचा आणि "जाऊ दे" म्हणायचं, मगच दुकानाची फळी उघडायची. ते काम बाबांनी मुंगीला दिलं होतं, बोलता यायला लागली तेव्हापासून. गेला महिनाभर ती म्हणायची, "तूच चाख ना आई, मला उशीर होतो." मी घाईत असायचे. चाखायचे आणि फळी उघडायचे.

काल मी तिला विचारलं, तुझी चूक झाली असं तुला कोणी सांगितलं तर पटेल? म्हणाली, मावशीने. मावशीने लिहिलंय, तिलाच माहीत. मी म्हटलं, मी तुझी आई आहे. म्हणाली, "पण तू पाव करतेस."

म्हणून सांगते, ये. पत्र नको, पुस्तिका नको, मदतनीस नको. ये आणि तुझ्या तोंडाने तिला सांग. पुढच्या महिन्यात तुझा उपक्रम आणखी शाळांमध्ये जाणार आहे, म्हणून तुला वेळ नाही, हे तुझ्या मदतनीसने मला फोनवर सांगितलं. तिला सांग, या घरातली एक पोर आधी त्या उपक्रमातून बाहेर काढायची आहे.

मी कधी तुझ्याकडे काही मागितलं नाही. आत्ताही विनवणी करत नाही, सांगतेय. ये.

ताई


३१ ऑगस्ट

शहाणे,

तू आलीस. काय झालं ते तुला माहीत आहे, तरी लिहिते. कारण तू शेवटी मान खाली घालून बसली होतीस. तुला सगळं दिसलं नाही.

तू दारात उभी राहिलीस तेव्हा मी तुला ओळखलंच नाही क्षणभर. तुझं घड्याळ मनगटावरून कोपरापर्यंत सरकत होतं. मनात आलं ते बोलले नाही, म्हटलं आधी पोरीचं बघू. तू कणीक मळायच्या टेबलाशी स्टुलावर बसलीस, लहानपणी बसायचीस तिथेच, आणि मुंगीला छान समजावलंस. मला मान्य आहे. वाढ, हाडं, रक्त, खेळायची ताकद. एकदाही चढ्या आवाजात बोलली नाहीस. ती मन लावून ऐकत होती. मला वाटलं, सुटले.

मग तिने विचारलं, "मावशी, तुझा डबा दाखव."

तू टाळायला बघत होतीस. पण ती कोणाची नात आहे. तुझ्या पर्समधून तिने स्वतःच डबा काढला, उघडला. काकडीच्या चकत्या आणि थोडे बदाम. दिवसभराचा प्रवास करून आलेल्या बाईचा डबा. तिने तो काट्यावर ठेवला, आकडा बघितला, आणि शनिवारी वर्गात वाजवतात तशा टाळ्या वाजवल्या. "मावशी पहिली."

तेव्हा तू मान खाली घातलीस. म्हणालीस, "मला भूक लागत नाही गं. किती वर्षं झाली." मुंगीला म्हणालीस की मला, कळलं नाही. आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी तुझं मनगट धरून पोरीसमोर उचललं आणि म्हटलं, "बघ, नीट बघ. अशी व्हायचंय तुला?" तू हात सोडवून घेतलास, पर्स उचललीस आणि गेलीस. या वेळीही न जेवता.

हात धरायला नको होता. तेवढं माझं चुकलं. बाकी एक शब्दही मागे घेत नाही, कारण मला राग आलाय आणि तो उतरत नाहीये. आता तो कशाचा आहे ते मात्र नीट सांगता येत नाही. पाव खाऊन वाढलेल्या तुला पावाची लाज वाटायला लागली, ते एक वेळ समजू शकते. पण जेवणच सोडायचं? आणि मग पोरांना जेवायला शिकवायला निघायचं? तुझ्या पुस्तिकेतली ती सगळी रंगीत ताटं कोणाची गं? तू कधी बसलीस त्यातल्या एकासमोर? तू बाबांच्या वेळी न जेवता गेलीस ती मला वाटलं माझ्यावर रागावून. आता कळतं, तू रागावली नसतीस तरी जेवली नसतीस. एवढ्या वर्षांत मला एका ओळीने कळवता आलं नाही तुला? मी काय परकी होते?

असो. तू गेल्यावर काय झालं ते ऐक, तुला माहीत नसलेला भाग आता आहे.

मुंगीने काटा बाजूला सरकवला. मग म्हणाली, "आई, भूक न लागणं हा आजार असतो का?" म्हटलं, हो. "मावशीला झालाय?" म्हटलं, हो. "मग तिला हलका पाव नको द्यायला." आणि स्टूल ओढून टेबलावर चढली. मावशीसाठी जड पाव करायचा म्हणाली, जगातला सगळ्यात जड. पिठाचं माप दुप्पट, यीस्ट मुद्दाम घातलं नाही, फुगला तर हलका होईल म्हणून. मी म्हटलं, बाई गं, दगड होईल. म्हणाली, होऊ दे. भावोजी भट्टीशी उभे राहून बघत होते. पहिल्यांदाच त्यांनी लाकडं बेताने घातली.

दगडच झाला. भट्टीतून काढला तर फळीवर ठक्क आवाज आला. तिने तो कागदात गुंडाळायला घेतला आणि हात थांबला. मी काही बोलले नाही, शपथ. तिचं तिलाच आठवलं. चाखल्याशिवाय माल बाहेर जात नाही.

शहाणे, ती त्या दगडाशी किती झटली म्हणून सांगू. मोडेना, तेव्हा सुरी आणली. एक घास घेतला. तोंड वाकडं केलं. कळेना जाऊ द्यायचा की नाही, म्हणून दुसरा घेतला. खात्री होईना, म्हणून तिसरा. आम्ही दोघं पाठ करून उभे होतो, मी उगाच धुतलेली भांडी पुसत होते. वळून बघितलं तर अर्धा पाव संपला होता आणि ती म्हणाली, "जाऊ दे."

उरलेला अर्धा सोबत पाठवतेय. पोस्टात काही होणार नाही त्याला, फार तर पोस्टाचंच होईल.

पण ऐक. त्यानंतर तिने पुन्हा तोंड मिटलंय. रोज दारात जाऊन बघते, मावशी पाव खायला आली का. तिने खाल्ला की मी जेवीन, म्हणते. डॉक्टरांनी दिलेला आठवडा उलटून गेलाय. त्यांनी सोमवारपर्यंत मुदत वाढवून दिली आहे, तीही माझं तोंड बघून. आता सगळं तुझ्या दातांवर आहे.

आणि टाइप केलेलं "पाव मिळाला, छान होता, आभार" मला चालणार नाही. त्या पावात एक चूक आहे. मुंगीला माहीत आहे, मला माहीत आहे. खाल्ल्याशिवाय ती कळणार नाही, वास घेऊन नाही, चिमूटभर चाटूनही नाही, कारण ती सगळीकडे सारखी नाही. ती काय ते हाताने लिहून पाठव.

मुख्याध्यापिकाबाईंचा निरोप होता. तुझ्या कार्यालयाकडून हलका शब्द काढून टाकायचं पत्र आलं म्हणे, सगळ्याच शाळांना. त्यांनी तेवढाच शब्द पुसलाय. आता भिंतीवर "डबा" आहे, मग कोरी जागा, मग "चेहरा बोलका". केलंस ते बरं केलंस. पण त्या जागी नवं वाक्य सुचवू नकोस, तुला हात जोडते.

ताई


४ सप्टेंबर

ताई,

मीठ दोनदा पडलंय. आणि दुसऱ्यांदा घातलेलं नीट मळलं गेलं नाही, खालच्या बाजूला त्याचा खडाच आहे.

पेलाभर पाणी प्यायले त्यावर. मग उरलेला खाल्ला. सगळा.

मुंगीला जेवायला बसव.

शहाणी